ओटीपी कोणाच्या फोनवर येते?

आमच्या गावात आता घरोघरी फोन आहे, काही घरात तर तीन-तीन आहेत, पण घरात फोन असणं वेगळं आणि तो माझा असणं वेगळं, आणि गेल्या काही वर्षांत शेतीची, बँकेची, सरकारची जी जी कामं मोबाईलवर आली ती सगळी हे न पाहताच आली असं माझं मत झालंय. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, कापूस, सोयाबीन, तूर, ज्याच्याकडे ओलित आहे त्याचा थोडा गहू-चना. मी बचत गटाचा हिशेब लिहिते, त्यामुळे कोणाला मेसेज आला, कोणाचा हप्ता अडकला की बाया माझ्याकडे येतात. त्यातून जे दिसत गेलं ते आज नीट लिहून काढते.

आधी आमच्याकडे फोन कसे असतात ते सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. घरातला चांगला फोन पोराकडे, आणि पोरगा बुटीबोरीला नाहीतर चाकणला कंपनीत. म्हाताऱ्या माणसाकडे बटनाचा फोन, तो पन्नीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात, कारण वावरात पाऊस, फवारणी, घाम. बाईकडे पोरानं नवा घेतल्यावर मागे राहिलेला जुना फोन, काच तडकलेली, बॅटरी फुगलेली, आणि त्यात सिम असेलच असं नाही, नातवंडं त्यावर कोणाचं तरी हॉटस्पॉट घेऊन व्हिडिओ पाहतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायांना विचारलं होतं की तुमच्याकडे तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल आहे का, तर खेड्यातल्या ४६.६ टक्केच बाया हो म्हणाल्या, म्हणजे अर्ध्याहून जास्त बाया दुसऱ्याच्याच फोनवर. त्यानंतर २०२४ च्या जुलैत रिचार्ज महागले, तेव्हा घराघरात पहिलं सिम बंद पडलं ते बाईचंच. नव्वद दिवस सिम वापरलं नाही आणि त्यात वीस रुपयेही शिल्लक नसले की कंपनी तो नंबर बंद करते आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. आधारला मात्र तोच जुना नंबर लागलेला राहतो.

आणि आधार कधी काढलं होतं, आठवा. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं, मग हळूहळू गावोगावच्या शाळेत मशीन येत गेली, रांगा लागल्या, आणि फॉर्मवर मोबाईल नंबर लिहायची वेळ आली की ज्याच्याकडे फोन होता त्याचा नंबर लिहिला. दीराचा, जावयाचा, शेजारच्याचा. तेव्हा कोणाला माहीत होतं की पंधरा वर्षांनी त्याच नंबरवर सगळं अडकणार आहे.

आमची मोठीमाय साठीला आलेली आहे. लाडक्या बहिणीचे दीड हजार तिला २०२४ पासून मिळत होते, आणि त्यातून ती स्वतःची बीपीची गोळी आणते, कोणाला मागावं लागत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी, म्हणजे ऑनलाईन ओळख पडताळणी, आली. त्यात बाईचा आधार ओटीपी तर लागायचाच, वर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचाही आधार नंबर आणि ओटीपी लागायचा. मोठीमायचा नंबर पोराच्या फोनमध्ये, पोरगा चाकणला शिफ्टवर, तिथं फोन गेटवर जमा करतात. मोठेबाबाच्या आधारला लागलेला नंबर कोणाचा हे घरात कोणालाच सांगता येईना. साईट दिवसा उघडायची नाही म्हणून रात्री अकरानंतर आम्ही माझ्या ओट्यावर बसलो, पोराची शिफ्ट सुटायची वेळ धरून. ओटीपी दहा मिनिटं चालते. तो तिकडून आकडे सांगते, इकडे मी टाकते, तोवर पान पुन्हा पहिल्यावर जाते. मोठीमाय बाजूला बसून म्हणे, "राहू दे वं बाई, त्याले झोपू दे, सकाळी पुन्हा ड्युटी हाय त्याची." दीड हजार माझ्या हक्काचे आहेत असं ती एकदाही म्हणाली नाही, पोराच्या झोपेचीच काळजी. मला त्याचा फार त्रास झाला, अजूनही होते.

आणि ज्या बाईचा नवरा नाही आणि बापही नाही, तिनं कोणाचा ओटीपी टाकायचा? आमच्या गटात अशा बाया आहेत. विदर्भातल्या कोणत्याही गावात असतात, आणि त्यातल्या किती जणींचे नवरे कसे गेले हे इथं वेगळं सांगायला नको. त्यांच्यासाठी नंतर अंगणवाडी सेविकेकडे मृत्यूच्या दाखल्याची प्रत द्यायची सोय झाली, चांगलं झालं, पण फॉर्म बनवणाऱ्यानं ही बाई आधीच डोळ्यासमोर धरायला पाहिजे होती.

आता कोणी म्हणेल खेड्यातल्या लोकांना टेक्नॉलॉजी जमत नाही. हे मला अजिबात मान्य नाही. वेचाई मोजायला आमच्याकडे आता डिजिटल काटा लटकवतात, आकडा मालकिणीलाही दिसते आणि वेचणारीलाही, दोनच हंगामात सगळ्यांनी तो घेतला, कोणी शिकवायला आलं नव्हतं. आणि मोटरपंपाचा मोबाईल स्टार्टर पाहा. शेतीची थ्री फेज लाईन आठ तास, कधी दिवसाची पाळी तर कधी रात्रीची, रात्रीच्या पाळीत डुकरं, साप, चिखल, बांधावरून अंधारात जाऊन स्टार्टरचं बटन दाबायचं. आता विहिरीवरच्या पेटीत सिम घातलेला डबा बसवला की घरून फोन लावायचा, मोटर चालू, लाईन आली-गेली की तोच डबा फोन करून सांगते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, चौथी शिकलेले, पण त्यांना ते पहिल्या दिवसापासून येते, कारण थंडीच्या रात्री अंथरुणातून उठावं लागत नाही हा फायदा त्यांना कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

तो डबा बसवायला गावातलाच मेकॅनिक आला होता आणि वायर जोडायच्या आधी त्यानं विचारलं, "कोणाकोणाचे नंबर टाकू भाऊ?" मामाजींचा टाकला, आमच्या घरच्यांचा टाकला, माझा टाकला, आणि धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून असलेल्या काकांचाही टाकला, कारण आम्ही लग्नाकार्याला बाहेरगावी गेलो तर मोटर तेच बंद करतील. कोणाला यात काही वेगळं वाटलं नाही. वावर असंच चालते. मी एवढी सरकारी ॲपं उघडली, पण "कोणाकोणाचे नंबर टाकू" असं एकाही ॲपनं मला विचारलं नाही, आणि माझं सगळं म्हणणं इथंच आहे. त्या मेकॅनिकला माहीत होतं की एका माणसाच्या भरवशावर वावर राहत नाही. ॲप बनवणाऱ्याला वाटते की एक माणूस, एक फोन, एक नंबर, आणि तो माणूस चोवीस तास फोन हातात धरून बसलेला.

एका ठिकाणी मात्र सरकारनं हे थोडं ओळखलं, ते सांगितलं पाहिजे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली, आधी तलाठी नोंद करायचे ते आता शेतकऱ्यानंच वावरात उभं राहून फोटो काढून करायचं. सुरुवातीला एका मोबाईलवर २० खातेदार नोंदवता यायचे, २०२२ ला नवीन व्हर्जन आलं त्यात ५० केले. त्या एका बदलानं आमच्या गावात पीक पाहणी व्हायला लागली. एक पोरगा चांगला फोन घेऊन निघते, या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, पऱ्हाटीचे फोटो, तुरीचे फोटो, ज्याचं वावर तो सोबत उभा, दुपारी कोणाच्या तरी घरी जेवण. पूर्वी डवरणीला ज्याच्याकडे एकच बैल राहिला तो दुसऱ्याच्या एका बैलासोबत जोडी लावून दोघांची वावरं डवरून काढायचा, तसंच हे आहे, फक्त बैलाच्या जागी फोन. गावाकडे जी सवय आधीच आहे तिला ॲपमध्ये जागा दिली की काम होते, इतकं सोपं आहे हे.

कापसाचं मात्र २०२५ च्या हंगामात पुन्हा तेच झालं. सीसीआयला, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी आणि मग स्लॉट. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८११० रुपये, मध्यम धाग्याला ७७१०, बाहेर व्यापाऱ्याचा भाव त्याहून कमी, म्हणजे सगळ्यांनाच सीसीआय पाहिजे. नोंदणी ज्याच्या नावाचा सातबारा त्याच्या नावानं. आता कापूस आमच्याकडे सुरुवातीपासून बाईच्या हातात असते, पहिल्या वेचणीला दहीभात शिंपडून सीतादही करते तीच, वेचते तीच, घरात गंजी लागली की रात्री उंदरामागे उठते तीच, ओल धरली की सकाळी अंगणात पसरते तीच. सीसीआयवाले १२ टक्क्यांच्या वर ओल चालवत नाहीत, आणि डिसेंबरच्या दवात कोणता कापूस आज न्यायचा आणि कोणता दोन दिवस वाळवायचा हे हात घालून तिलाच कळते. पण सातबारा मामाजींच्या नावानं आणि नंबर नागपूरच्या पोराचा, म्हणून स्लॉटची तारीख पोराला कळते, आणि तो संध्याकाळी घरी फोन करते की उद्याचा नंबर आहे, आणि घरी पसरलेला कापूस ओला. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचा लक्ष्मीमुक्तीचा जीआर १९९२ चा आहे, तीस वर्षांच्या वर होऊन गेली, आणि आमच्या गावात अशी नावं शोधावी लागतात. सवय ही पण आहे, आणि ही बदलली पाहिजे, याचा दोष मी ॲपवर टाकणार नाही.

आता सगळ्यात जास्त भीती वाटते ती गोष्ट. बँकेचा मेसेज येते की ओटीपी कोणालाही सांगू नका. आणि सेवा केंद्रात गेलं की काउंटरवरून आवाज येते, "बोला काकू, ओटीपी बोला," आणि काकू सगळ्या रांगेसमोर आकडे वाचते, तिला वाचता येत नसलं तर मागचा वाचून देते. दोन्ही खरं आहे, कारण ओटीपी न सांगता तिचं काम होतच नाही. मग उद्या कोणी फोनवर म्हटलं, पीएम किसानचा हप्ता अडकलाय, ओटीपी सांगा, तर तिनं नाही कशाला म्हणायचं? तिला तर सवयच लावली आपण. वर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीएम किसानच्या नावाची एपीके फाईल फिरते, ती उघडली की फोनमधले मेसेज दुसऱ्याच्या हातात जातात. आमच्या गटात आम्ही एवढंच ठरवलंय की आपण स्वतः कामाला गेलो, समोर माणूस बसला आहे, तेव्हाच ओटीपी, आणि ज्याचा फोन आपल्याला आला त्याला ओटीपी नाही, मग तो कितीही साहेब असो. हे बायांना पटकन कळलं, कारण दारावर आलेल्या अनोळखी माणसाला आपण घरातली पेटी दाखवत नाही हे त्यांना सांगायला लागत नाही.

मला सरकारकडून काय पाहिजे विचाराल तर मदतनीस. पेन्शनवाली म्हातारी, अंगठा न उठणारा मजूर, यांना नावानिशी एक-दोन माणसं लावू द्या, भाची, सून, गटाची सचिव, कोणीही, पण नोंद राहील की यानं यांच्यासाठी हे काम केलं. आज हे सगळं होतच आहे, फक्त लपूनछपून, आणि उद्या काही गडबड झाली तर कोण जबाबदार ते कुठंच लिहिलेलं नाही.

तोवर आमचं आम्ही सुरू केलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा सगळ्या जणींना आधार घेऊन बोलावलं. तिळगूळ झाला, वाण झालं, मग मी फोन घेऊन बसले. आधारच्या साईटवर नंबर तपासायची सोय आहे, त्यात लागलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. एकेकीचे तीन आकडे पाहून सगळ्या मिळून ओळखायच्या, हा तर तुझ्या भावाचा जुना, हा तर त्या सोडून गेलेल्या कृषी केंद्रवाल्याचा. काहींचे कोणालाच ओळखता आले नाहीत. आकडे आधारच्या झेरॉक्सच्या मागे लिहून दिले. मोठीमायनं त्या दिवशी घरी जाऊन पोराला सांगितलं की मले माह्या नावाचं सिम पाहिजे, आणि त्यानं ते घेऊनही दिलं.

नवीन नंबर आधारला लावायचा तर आमच्या बाया केंद्रावरच जातात, तिथं बोट द्यावं लागते आणि ७५ रुपये फी. बोटाचंच कठीण आहे, हंगामभर बोंडाची वाळलेली टोकं टोचून टोचून वेचणाऱ्या बायांची बोटं अशी होतात की मशीन दहादा लाल लाइट दाखवते, म्हणून वेचणी पूर्ण संपून थोडे आठवडे जाऊ द्यायचे असं आम्ही ठरवलं. हिंगणघाटला एकेकीनं जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि ऑटोचं भाडं वेगळं, त्यापेक्षा मशीनच गावच्या शाळेत दोन दिवस आणा असा अर्ज ग्रामपंचायतीत दिलाय. मे महिन्याची तारीख मागितली आहे, कारण एकदा मृग लागला आणि पेरणी सुरू झाली की दिवाळीपर्यंत एकही बाई रांगेत उभी राहायला मोकळी नसते.