स्वयंपाकघराचा आराखडा आखताना जमीन मोकळी ठेवायची आहे

नाशिकमधील गंगापूर रोडलगतच्या आमच्या सदनिकेतील स्वयंपाकघर अकरा फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद आहे. त्याच्या नूतनीकरणाचा विचार सुरू झाला, तेव्हा फर्निचरवाल्यांनी पहिल्याच भेटीत समांतर ओट्यांचा आराखडा पुढे ठेवला. दोन लांब भिंतींना दोन फूट खोलीचे दोन ओटे, मध्ये साडेचार फुटांची वाट, आणि वर-खाली सर्वत्र कपाटे. कागदावर तो आराखडा अत्यंत नेटका दिसत होता आणि सामान ठेवायला जागाही भरपूर मिळत होती. मात्र सासूबाईंनी कागद दोनदा निरखून एकच प्रश्न विचारला, "विळी घेऊन मी बसायचं कुठे?" त्या प्रश्नाला आराखड्यात उत्तर नव्हते.

आमच्या घरात जमीन हीसुद्धा कामाची जागा आहे, ही गोष्ट मला स्वतःलाही तोपर्यंत इतकी स्पष्टपणे जाणवली नव्हती. पालेभाजी निवडणे, विळीवर चिरणे, डाळी पाखडणे, पुरण वाटणे, उन्हाळ्यात उडदाचे पापड लाटणे आणि दिवाळीत करंज्या भरणे ही सारी कामे आम्ही खाली बसूनच करतो, आणि तीही बहुधा दोघीतिघी मिळून. आधुनिक स्वयंपाकघराच्या रचनेत फ्रिज, सिंक आणि शेगडी यांचा त्रिकोण मानला जातो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1940 च्या दशकात ही कल्पना विकसित झाली. त्रिकोणाची प्रत्येक बाजू साधारण चार ते नऊ फूट असावी आणि तिन्ही बाजूंची बेरीज सव्वीस फुटांच्या पुढे जाऊ नये, असा त्यातील ढोबळ नियम आहे. नियम उपयुक्त आहे आणि आम्ही तो पाळतही आहोत, परंतु तो उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या एका व्यक्तीच्या येरझाऱ्या मोजतो. आमच्याकडे त्या तीन बिंदूंना चौथा बिंदू जोडावा लागतो, आणि तो जमिनीवर आहे.

म्हणून आम्ही आराखडा उलट्या क्रमाने केला. आधी बसायची जागा ठरवली आणि मग ओटा. सासूबाई, नणंद आणि मी अशा तिघी खरोखर पोळपाट-लाटणी घेऊन बसलो आणि माझ्या पतींनी आमच्याभोवती खडूने रेघ आखली. सहा फूट बाय चार फूट इतकी जागा पुरेशी ठरली. त्यानंतर वर्तमानपत्राचे दोन फूट रुंदीचे पट्टे कापून ओट्यांच्या जागी अंथरले. समांतर रचनेत आम्ही बसल्यावर उभ्या माणसासाठी जेमतेम अर्धा फूट उरत होता. काटकोनी ओटा धरला, म्हणजे लांब भिंतीला अकरा फूट आणि ड्राय बाल्कनीच्या भिंतीला कोपऱ्यापासून सहा फूट, तर ओट्यापुढे साडेसहा फूट रुंदीची जमीन मिळते. त्यातील चार फूट आम्ही बसण्यासाठी घेतली, तरी शेगडीपुढे उभे राहणाऱ्याला अडीच फूट राहतात. चालण्याची वाट तीन फुटांपेक्षा कमी नसावी असे म्हणतात, तेव्हा कोणी बसलेले असताना थोडी अडचण होणारच. ती आम्ही जाणूनबुजून स्वीकारली आहे.

काटकोनी रचनेचा दुसरा लाभ उंचीच्या बाबतीत झाला. ओटा साधारणपणे कोपरापासून चार ते सहा इंच खाली असावा. माझी उंची पाच फूट तीन इंच, पतींची पाच फूट आठ इंच आणि सासूबाईंची चार फूट दहा इंच आहे. तिघांनाही सोयीची एकच उंची मिळणे शक्य नाही. परंतु शेगडी ओट्यावर ठेवली की पातेल्याचा काठ आणखी वर जातो, म्हणून तेथे ओटा खाली हवा. याउलट सिंकचा तळ ओट्याच्या खाली असतो, त्यामुळे भांडी घासताना कमरेत वाकावे लागते, म्हणून तेथे ओटा वर हवा. ओट्याच्या दोन बाजू कोपऱ्यातच वेगळ्या होत असल्याने शेगडीची बाजू बत्तीस इंच आणि सिंकची बाजू साडेचौतीस इंच ठेवायचे ठरले. भांडी घासण्याचे काम आमच्याकडे बहुतेक वेळा पती करतात, त्यामुळे ही उंची त्यांच्या मापाला धरून आहे.

खाली बसायचे म्हटले की फरशीचा प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. पंचवटीतील आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी होती आणि तिच्याविषयी सासूबाईंना आजही माया आहे. उन्हाळ्यात तिचा गारवा खरोखरच सुखद असे. पण शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर सांडले की आम्लाने तिची झिलई जाते आणि तेलाचे डाग आत मुरतात. शिवाय नाशिकच्या थंडीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा दगडी फरशीवर तासभर बसणे गुडघ्यांना सोसत नाही. अर्थात टाइल्सही गारच असतात, म्हणून सतरंजी आणि पाट दोन्ही लागणारच. व्हिट्रिफाइड टाइल्स आम्ही निवडल्या त्या पाणी न शोषण्याच्या गुणामुळे. त्यांचे जलशोषण अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असते, तर साध्या सिरॅमिक टाइल्सचे त्याहून बरेच अधिक.

दुकानात प्रकाशाखाली चकचकीत टाइल मोहक दिसते. मी नमुन्याची एक टाइल घरी आणली, तिच्यावर पाणी आणि तेलाचे दोन थेंब टाकून ओल्या पायाने उभी राहिले आणि तो मोह तिथेच संपला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या व्यक्तीला खाली बसताना आणि उठताना ज्या जमिनीचा आधार घ्यावा लागतो, ती जमीन निसरडी असता कामा नये. अगदी खडबडीत टाइलही नको, कारण तिच्या खाचांत कणीक आणि हळद बसते व पुसताना फडके अडकते. म्हणून मध्यम पोताची मॅट टाइल ठरली. सांध्यांत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी, म्हणजे राळेचा भराव, भरायचे आहे, कारण सिमेंटच्या सांध्यांत शिरलेला हळदीचा पिवळा रंग कितीही घासला तरी निघत नाही.

जुन्या फरशीवरच नवी बसवावी, तोडफोड वाचेल, असा सल्ला आम्हाला मिळाला. टाइल आणि तिच्याखालचा चिकटवणारा थर धरून जमीन सुमारे अर्धा इंच वर येते आणि दिवाणखान्याच्या दाराशी ठेच लागेल असा उंचवटा तयार होतो. आम्ही जुनी फरशी काढणार आहोत. ड्राय बाल्कनीची जमीन मात्र स्वयंपाकघरापेक्षा इंचभर खाली राहील आणि तेथे टाइल बसवण्यापूर्वी जलरोधक थरावर किमान 48 तास पाणी साठवून खालच्या मजल्यावर ओल उतरत नाही ना, हे पाहूनच पुढचे काम होईल.

कपाटांच्या बाबतीत आमचा पूर्वानुभव कडू आहे. बारा वर्षांपूर्वी बसवलेल्या ट्रॉल्यांचा सांगाडा पार्टिकल बोर्डचा होता, हे आम्हाला सिंकखालचा तळ फुगून दार लागेनासे झाले तेव्हा समजले. पृष्ठभागावर लॅमिनेट असले तरी पाणी कापलेल्या कडांतून आत शिरते आणि दाबलेला भुसा फुगतो. या वेळी ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या ठेवून त्यांना फक्त दारे बसवायची आहेत. कडप्पा फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. जेथे खण ओढून बाहेर यायला हवेत, तेथे मात्र दगडात चॅनेलचे, म्हणजे खण सरकण्याच्या पट्ट्यांचे, स्क्रू नीट धरत नाहीत, म्हणून तेवढ्याच तीन भागांत आयएस 710 या मरीन प्लायवुडच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या प्लायवुडची चौकट येईल. या प्रतीच्या प्लायवुडच्या चाचणीत नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. जाळीच्या ट्रॉल्या 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या हव्यात, असे आम्ही लेखी घेतले आहे. लोहचुंबक लावून प्रत ओळखता येते हा समज खरा नाही, कारण 202 प्रतीचे स्टीलही चुंबकाला फारसे चिकटत नाही, परंतु त्यात निकेल कमी असल्याने मीठ आणि ओल यांच्या सहवासात ते लवकर गंजते.

कपाटांची मापे ठरवण्यापूर्वी मी घरातील सगळी मोठी भांडी मोजली. लग्नात मिळालेली, भांडी बाजारातून घेतलेली पितळी परात बावीस इंचांची निघाली आणि सुचवलेल्या ट्रॉलीची आतली खोली वीस इंच होती. वर्षाच्या गव्हाच्या दोन कोठ्यांना तर कोणत्याच आराखड्यात जागा दिलेली नव्हती. त्यांच्यासाठी लांब ओट्याच्या टोकाला दोन उघडे कप्पे सोडले आहेत, त्यांना दारेही नकोत, कारण कोठी पुढे ओढून गहू काढावा लागतो.

सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीलगत जाळी हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तळाशी साठतो. पुढेमागे पाइपचा गॅस आला तर तो हवेपेक्षा हलका असल्याने वरच्या बाजूलाही वाट ठेवायला सांगितली आहे. ओव्हन आणि इंडक्शनसाठी विजेचे 16 अँपिअरचे पॉइंट व त्यांच्या स्वतंत्र तारा टाइल्स लागण्यापूर्वीच भिंतीत जातील.

काम दिवाळीनंतर सुरू होईल. पावसाळ्यात लाकूड आणि जलरोधकाचे थर नीट वाळत नाहीत, आणि पापड-कुरडयांच्या दिवसांपूर्वी सारे आटोपायला हवे. शिवाय 2027 च्या सिंहस्थात नातेवाइकांचा राबता राहणार आहे. तोवर खडूची ती सहा बाय चारची चौकट आम्ही पुसलेली नाही. लादी पुसताना ती फिकट होते आणि सासूबाई ती पुन्हा गडद करतात.