कोणती गोधडी कशापायी अडली

गुढीपाडव्याच्या आधी माळा साफ करायला काढला, तर तीन गोधड्या हाती लागल्या. पुरी झालेली एकही नव्हती. एक आईच्या हातची, कडेने अकरा फेऱ्या घालून तशीच राहिलेली. दुसरी सासूबाईंच्या लुगड्याची, म्हणजे अजून नुसती लुगडीच, गाठोड्यात बांधलेली. तिसरी चिंध्यांची, दहा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने तुकडे कापून पिशवीत भरून ठेवलेली. चौथी मनात होती. लेकीचे दिवस श्रावणात भरणार होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे कराडला, आणि बाळाला दुपटं हवं होतं.

माझी आई हातातलं काम संपल्याशिवाय दुसरं घेऊ द्यायची नाही. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण आमच्या घरात दिवसातून एकदा तरी कानावर पडायची. मीही तेच धरून बसले होते: आधी आईची गोधडी पुरी करायची, मग बाकीच्या. आईची गोधडी हातात घ्यायचा धीर होत नव्हता, त्यामुळे तिच्यामागे बाकीच्याही वर्षानुवर्षं थांबल्या होत्या.

या वेळी मी एक कागद घेतला आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, ही नेमकी कशापायी अडलीय. आईची: गंजलेली सुई आणि उंदराने कुरतडलेलं भोक. सासूबाईंची: लुगड्याला कात्री लावायची हिंमत नाही. चिंध्यांची: कोणता तुकडा सुती आणि कोणता टेरिकॉटचा ते निवडायचं राहिलंय. दुपटं: मऊ कापड शोधायचंय. लिहून झाल्यावर कागदाकडे बघत बसले. शिवण्यापायी एकही अडली नव्हती. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. त्या गेल्यानंतर त्यांच्या दोन इरकली माझ्याकडे आल्या, एक काळी आणि एक हिरवी. इळकल हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गाव, आपल्या तोंडी त्याचं इरकल झालं. अंग सुती, पदर रेशमी, काठ रुंद. काळी इरकल आत्या रोज नेसायच्या, रानात जाताना, बाजाराला, गिरणीला. तिच्यावर कात्री चालवायची कल्पनाच मला सहन होत नव्हती.

गावाकडे थोरल्या जाऊबाईंना विचारलं. त्यांना आम्ही आक्का म्हणतो, आणि कृष्णाकाठच्या आमच्या गावात वाकळ, म्हणजे गोधडीच, शिवावी तर आक्कांनीच. त्या म्हणाल्या, “कात्री कशाला गं लागतीय? घडी घाल की.”

इतकी साधी गोष्ट मला एवढी वर्षं सुचली नव्हती. नऊवारी म्हणजे 27 फूट. ती चौघडी केली की पावणेसात फूट लांबीचे चार थर होतात, आणि रुंदी चार फूट. एका माणसाची वाकळ, कात्री न लावता. घडी मागेपुढे घालत गेलं की पदराचा भाग सगळ्यात वर येतो, दुसरं टोक सगळ्यात खाली, आणि मधलं, बसून बसून विरलेलं कापड आपोआप आत जातं. दोन्ही लांब बाजूंना काठावर काठ बसतात, वेगळी किनार लावायलाच नको. आक्कांनी मधे एक जुनी सुती चादर घालायला लावली. थंडीला चार थर कमी पडतात, आणि सहाच्या वर गेलं तर सुई जात नाही, असं त्यांचं गणित.

वाकळ पहिल्यांदा अंथरली ती गावच्या घराच्या ओसरीवर. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन धोंडे ठेवले. आक्का एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, दोघींनी तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारत नेल्या. मग लांब लांब कच्चे टाके. याच कामाला दोन माणसं लागतात, बाकी सगळं एकटीने होतं. कच्चे टाके घालायचा कंटाळा केला, तर दहाव्या फेरीला खालचा थर फुगून एका बाजूला सरकलेला असतो, आणि मग उसवण्यावाचून इलाज नाही.

शिवायचं कडेकडून आत. काठालगत चारही बाजूंनी एक फेरी, मग बोटभर आत दुसरी, मग तिसरी, असं करत मध्यापर्यंत. बोटभर म्हणजे पाऊण इंच धरलं तर चार फुटी रुंदीत 32 फेऱ्या बसतात. मी एकदा सगळा हिशेब मांडला. एका वाकळेत साधारण 430 फूट धावदोरा जातो, 130 मीटर. माझा हात तासाला दहा-बारा फूट चालतो, म्हणजे 40 तास. हा आकडा कळल्यावर मला उलट हुरूप आला. रोज सकाळी सात ते साडेआठ, बाल्कनीतल्या उजेडात, असं धरलं तर महिनाभराचं काम. इतकी वर्षं ते मला डोंगराएवढं वाटत होतं.

दोरा सुती, दुहेरी, मेणावरून एकदा ओढून घेतलेला. हातभरापेक्षा लांब घ्यायचा नाही, गुंता होतो. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान हवंच. पहिले चार दिवस मी ते घातलं नाही आणि बोटाच्या पेराला भोक पडलं. टेबलावर शिवून पाहिलं, जमलं नाही. टेबलावरून वाकळ खाली लोंबते आणि तिच्या वजनाने थर ओढले जातात. जमिनीवर बसलं की शिवलेल्या भागावर आपणच बसलेलो असतो, कापड ताणून धरायला तेवढं पुरतं. गुडघ्यांसाठी दर अर्ध्या तासाने उठायचं.

इरकलीत एक जागा मात्र जपावी लागते. तिच्या अंगाचा सुती ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात आणि फाशात फासा अडकवून जोडलेले असतात. कापड जुनं झालं की पहिल्यांदा तिथेच सुटतं. बोटाने चाचपलं तर ती रेघ हाताला लागते, बारीक मण्यांची ओळ असावी तशी. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मी एकमेकींना लागून दोन जादा ओळी घातल्या. रेघेवर एकही टाका घेतला नाही.

दुपट्याचं काम लवकर मार्गी लागलं. आमच्यात बाळ यायच्या आधी नवं काही आणत नाहीत, पण जुन्या कापडाला तो नियम नाही. सासऱ्यांचं एक मलमली धोतर होतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. ते उकळत्या पाण्यातून काढलं, कडक उन्हात वाळवलं आणि तीन फुटी चौकोन टर्रकन फाडले. सुती कापड फाडलं की सुताच्या रेषेत सरळ फाटतं, कात्री तिरकी जाऊ शकते. माझा बेत एक जाडजूड, छान भरलेलं दुपटं करायचा होता. आक्कांनी तो मोडून काढला. श्रावणात जाड दुपटं दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि बाळ तर दिवसातून दहा वेळा ओलं करणार. त्यापेक्षा दोन-दोन थरांची तीन पातळ दुपटी कर. तसंच केलं. ओळींमधे दोन बोटं अंतर, कापड मऊ राहावं म्हणून. गाठ बाहेर एकही नाही, दोऱ्याची टोकं थरांमधे ओढून घेतलेली. तिन्ही मिळून नऊ दिवसांत झाली, आणि कागदावरची पहिली ओळ खोडली गेली.

चिंध्यांची गोधडी मे महिन्यात उलटली. पिशवीतले तुकडे निवडले, टेरिकॉट आणि पॉलिस्टर बाजूला काढलं. त्याला सुई अडखळते, घाम शोषला जात नाही, आणि शेजारचं सुती कापड धुतल्यावर आटतं, ते आटत नाही, मग गोधडीला चुण्या पडतात. उरलं ते सगळं मनासारखं होतं: लेकीचे लहानपणीचे फ्रॉक, माझ्या सुती साड्यांचे काठ, ओटीत आलेले खण, आणि मधे मधे उरलेल्या धोतराचे पांढरे चौकोन. गच्चीवर मांडणी केली, कच्चे टाके घातले, आणि जेवायला खाली आले. वळीव आला. अर्ध्या तासात धो धो पडून गेला. वर जाऊन बघते तर लाल खणाचा रंग सुटून सगळ्या पांढऱ्या चौकोनांत उतरलेला.

त्या दिवशी मी खरंच रडले. मीठ घातलेल्या पाण्याने रंग पक्का होतो असं मी ऐकत आले होते, माझ्या खणाचा तरी झाला नाही. शेवटी लाल तुकडे सातच्या सात उसवून काढले आणि पाणी निवळ निघेपर्यंत वेगळे धूत राहिले, पाच वेळा. पांढरे चौकोन पुन्हा पांढरे झाले नाहीत, फिकट गुलाबी राहिले. तेव्हापासून घरात नियम आहे: गोधडीत जाणारा प्रत्येक रंगीत तुकडा आधी ओला करून पांढऱ्या फडक्यावर रात्रभर ठेवायचा. फडक्याला डाग लागला तर तो तुकडा आत जाणार नाही, मग तो कितीही सुंदर असो.

त्या धक्क्यानंतर चिंध्यांना हात लावावासा वाटेना, आणि त्याच आठवड्यात मी आईची गोधडी खाली घेतली. एकच काम हातात असतं, तर मी त्या दिवशी सगळंच गुंडाळून माळ्यावर टाकलं असतं.

आईची गोधडी उलगडली तसा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. बाराव्या फेरीच्या सुरुवातीला सुई तशीच टोचलेली होती, नेढ्यात वीतभर दोरा. ती गंजून कापडाला चिकटली होती. ओढली तर कापड फाटलं असतं, म्हणून एक थेंब खोबरेल सोडलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी फिरवत फिरवत काढली. खाली गंजाचा तपकिरी डाग, सुईच्या लांबीएवढा. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलं की सुती कापडावरचा गंज बराच जातो, पण लिंबाने रंगही उडू शकतो. आधी मागच्या कोपऱ्यात करून पाहिलं, मग डागावर. पुसटसा उरलाय, तेवढा राहू दिला.

मग आईचा दोरा तपासला. प्रत्येक फेरी नखाने हलकेच उचलून पाहिली. सात फेऱ्या घट्ट होत्या, चार फेऱ्यांत दोरा कुजून तुटत होता. त्या चार मी तिच्याच भोकांतून परत शिवल्या. तिचा टाका तांदळाएवढा. माझा गव्हाएवढा येतो. तिच्या भोकांमधून जाताना मात्र माझाही तांदळाएवढाच येत होता, कारण सुई कुठे घालायची ते तिनेच ठरवून ठेवलेलं होतं. त्या चार फेऱ्यांना आठवडा लागला आणि मला तो संपू नये असं वाटत होतं.

बाराव्या फेरीपासून भोकं नव्हती. तिच्यासारखा बारीक टाका घालायचा मी फार प्रयत्न केला. ती एक फेरी तीनदा उसवली. मनगट दुखायला लागलं, डोळ्यांना पाणी यायला लागलं. आक्कांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, “तुझा हात तुझा हाय. घाल तुझा टाका.” मग मी माझाच टाका घातला. बाहेरच्या अकरा फेऱ्या तिच्या आणि आतल्या माझ्या, हे लांबूनही कळतं. उंदराच्या भोकाला ठिगळ लावलं, तेही तिच्याच दुसऱ्या साडीचं.

आषाढात आईची पुरी झाली. आत्यांची वाकळ श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात, नात यायच्या चार दिवस आधी.

गोधड्या करता करता एक मत मात्र माझं पक्कं झालंय. कोरं कापड गोधडीत घालू नये. ते ताठ राहतं, अंगासरशी बसत नाही. कापडाने आधी माणसाच्या अंगावर आपलं आयुष्य काढलेलं असावं, मगच त्याला मऊपणा येतो, आणि तो विकत मिळत नाही. म्हणूनच हिरव्या इरकलीचा प्रश्न उरला होता. कागदावर मी लिहिलं होतं, ‘हिरवी: दुसरी वाकळ?’ आक्कांनी ती उजेडासमोर धरून पाहिली, वीत वीत सरकवत, पदरापासून शेवटापर्यंत. कुठेही विरलेली नव्हती. आत्या ती फक्त सणाला नेसायच्या. “ही अजून जिती हाय,” आक्का म्हणाल्या, “हिला कशाला गोधडीत घालतीस?”

आता भाद्रपद सरत आलाय. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची, म्हणून परवा आईची गोधडी आणि आत्यांची वाकळ नदीला न्यायची आहे. चिंध्यांची यंदा जाणार नाही, तिचा मधला दीड वीत भाग राहिलाय आणि लाल तुकड्यांच्या जागी काय लावायचं ते ठरलेलं नाही. ‘हिरवी’ ही ओळ मी कागदावरून खोडली. घटस्थापनेला ती नेसायची आहे. मला नऊवारी नेसता येत नाही, म्हणून आक्कांनी सकाळी सहाला यायला सांगितलंय.