गायी उलटत होत्या आणि ओढा हिरवा पडला होता
मी जनावरांच्या आहाराचं काम करते. त्या दिवशी बोलावणं आलं ते गायी उलटताहेत, म्हणजे रेतन करूनही पुन्हा माजावर येताहेत म्हणून, भरवून भरवून थकलो पण गाभणच राहत नाहीत म्हणाले मालक. गोठ्यात शिरले तर डोळे चुरचुरायला लागले, अमोनियाने घसा खवखवत होता, मागे शेणामुताचा कच्चा खड्डा, त्याच्या खाली उताराला ओढा आणि त्यावर शेवाळाचा जाड हिरवा थर.

दुधाचा रिपोर्ट मागितला. युरिया नायट्रोजन, म्हणजे खुराकात प्रथिनं जास्त झाल्याची खूण, डेसिलिटरला 20 मिलिग्रॅम, असावं 10 ते 14. मग दावणीतला खुराक बघितला, दूध वाढावं म्हणून पेंड ओतलेली, प्रथिनं 19 टक्क्यांच्या वर. त्यांच्या गायींना 16-17 पुरले असते.

ओढ्याचा विषय काढला तर ते वैतागलेच, "पर्यावरणाचं राहू द्या मॅडम, आधी माझं गणित बसवा." म्हटलं दादा तेच बसवतेय, हा जो वास येतोय ना ती तुमची पेंडच आहे! गाय प्रथिनांतून खाल्लेल्या नायट्रोजनपैकी साधारण पाव भागच दुधात उतरवते, बाकी शेणामुतात, आणि जास्तीचं तर बहुतेक मुतातूनच युरिया होऊन जातं, शेणातले जिवाणू त्याचा काही तासांत अमोनिया करतात. वर तो युरिया बनवायला गायीची ताकद खर्च होते, आणि दुधात युरिया एवढा चढला की गाभण राहायलाही अडचण येते.

पेंड हळूहळू कमी केली, मका वाढवला. दूध घटलं नाही, युरिया 12 वर आला, खुराकाचा खर्च उतरला, डोळे चुरचुरायचे थांबले. काही गायी गाभण राहिल्या, पण त्याचं सगळं श्रेय मी खुराकाला देणार नाही, माजावर लक्षही नीट ठेवायला लागले होते ते.

खड्डा मात्र अजून कच्चाच आहे आणि मोठ्या पावसात तो ओढ्याकडे वाहतोच. खड्ड्यातली स्लरी, म्हणजे पातळ शेणमूत, ते पाऊस बघून शेतात टाकतात, लगेच मातीत मिसळतात, कारण त्यात विकतचं खत वाचतं. पण खड्डा पक्का करायचा तर खर्च सगळा त्यांचा आणि ओढा स्वच्छ झाल्याचा फायदा खालच्यांचा, "लिटरमागे मला काय जास्त मिळणार सांगा" असं ते विचारतात तेव्हा मला त्यांचं म्हणणं पटतं. मला तरी वाटतं यातला काही वाटा दूध विकत घेणाऱ्यांनी दरातच उचलायला हवा.