पावती खरी होती

माझ्या टेबलाच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत नऊ पावत्या आहेत. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेल्या, शाई फिकट झालेली, पण अजून वाचता येतात. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, दर, रक्कम. पन्हाळा तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या, १९९७ च्या जुलैमधल्या एका सकाळच्या. या नऊ पावत्यांपायी एका माणसाची नोकरी गेली होती आणि ती माझ्या प्रोग्रॅममुळे गेली होती.

मी १९९० पासून प्रोग्रॅम लिहितोय. नवीन पोरं भेटली की विचारतात, सर, लिनक्स चांगलं की विंडोज, कोणता डेटाबेस वापरू, कोणता एडिटर. माझं प्रत्येक उत्तर त्या सकाळपर्यंत मागं जातं. म्हणून आधी ती सकाळ सांगतो.

फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम होता, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा. सकाळी सहाला संकलन सुरू. बायका, पोरं किटल्या घेऊन रांगेत. सचिव दूध मापायचे, फॅट काढायचे, आकडे टाकायचे, पावती फाडून हातात द्यायचे. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मधेच वीज गेली. वीज परत आल्यावर संगणक चालू केला, उरलेलं संकलन पार पडलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा नऊ सभासद पावत्या घेऊन संस्थेत आले. त्या सकाळचं त्यांचं दूध बिलात नव्हतं. संचालक मंडळानं संगणकावर पाहिलं, तिथंही नव्हतं. नऊपैकी तीन सभासद सचिवांच्या भावकीतले निघाले. झालं! दूध न घेताच सचिवांनी आपल्या माणसांना खोट्या पावत्या दिल्या आणि शंका येऊ नये म्हणून बाकीचे सहा मिसळले, असं ठरलं. चेअरमन मला म्हणाले, "कॉम्प्युटरला काय सगासोयरा हाय व्हय? त्यो कशाला खोटं सांगंल?"

सचिवांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. ते एसटीनं कोल्हापुरात आले, माझ्या राजारामपुरीतल्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसले. "साहेब, मी दूध मापून पावती दिली. आता मशीन म्हणतंय, दूध आलंच न्हाई. मशीनच्या म्होरं माझं कोण ऐकनार?"

मी त्यांना म्हणालो, प्रोग्रॅम तपासलेला आहे. हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. चौकशी करण्याआधीच मी निकाल दिला होता.

त्या दिवशी दूध संघाच्या टेम्पोतून गेलेलं दूध पावत्यांच्या बेरजेशी जुळत होतं. त्याची नोंद संस्थेच्या वहीत होती. ती कुणी उघडली नाही, मीही नाही. पाच आठवडे अण्णा घरी बसून होते. शेवटी मनाला चैन पडेना म्हणून संस्थेत गेलो आणि नॉर्टन डिस्क एडिटर, म्हणजे डिस्कवर जे आहे ते थेट दाखवणारं अवजार, घेऊन डिस्क उघडली. फाइल जिथं संपते असं डॉस सांगत होतं, त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत नऊ नोंदी होत्या. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलमध्ये आकडे साध्या अक्षरांत साठवलेले असतात, त्यामुळे डोळ्यांनी वाचता आले. सभासद क्रमांक, लिटर, फॅट. नऊच्या नऊ, पावत्यांशी तंतोतंत.

झालं होतं ते असं. नोंद डिस्कवर उतरत होती, पण फाइलच्या माथ्यावर 'एकूण नोंदी इतक्या' हा जो आकडा असतो तो, आणि फाइलची लांबी, हे दोन्ही नंतर, फाइल बंद करताना बदलत होते. मधे वीज गेली. पुन्हा सुरू झाल्यावर प्रोग्रॅमनं जुना आकडा वाचला, त्यापुढच्या नोंदी त्याच्या लेखी नव्हत्याच. फॉक्सप्रोमध्ये फ्लश नावाचा आदेश आहे, बाकी राहिलेलं सगळं लगेच डिस्कवर उतरवणारा. प्रत्येक पावतीनंतर तो द्यायला हवा होता. मी दिला नव्हता, कारण त्यानं प्रोग्रॅम थोडा हळू चालायचा. पावतीमागं एखादा सेकंद वाचवायला मी एका माणसाला गावात चोर ठरवलं.

मंडळापुढं लेखी दिलं की चूक माझी आहे. अण्णा कामावर परत आले. नऊ जणांना पैसे मिळाले आणि त्यांनी त्या पावत्या मला देऊन टाकल्या.

माझे वडील शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते. एखादा जॉब रिजेक्ट झाला की तिथं एक रीत होती. घेणारा आणि देणारा, दोघांच्या समोर मायक्रोमीटर लावायचा. माझा मायक्रोमीटर सांगतो म्हणून तुझा माल खराब, असं म्हणून भागायचं नाही. मायक्रोमीटरवरच शंका आली तर आधी तो मास्टरवर, म्हणजे नेमक्या मापाच्या तुकड्यावर, तपासायचा. हे मी लहानपणी डबा पोचवायला जायचो तेव्हा पाहिलेलं. संगणकाच्या धंद्यात येताना मात्र ही रीत मी घरीच ठेवून आलो होतो.

तेव्हापासून कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम मी एकाच प्रश्नावर पारखतो. मधेच वीज गेली तर ही काय विसरते, आणि विसरली हे मला कळू देते का? दिसायला कशी आहे, किती वेगात उघडते, हे सगळं नंतर. २००१ च्या नोव्हेंबरात लिनक्सच्या मुख्य गाभ्यात एक्स्ट३ ही जर्नल ठेवणारी फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, आली, तेव्हा मला झालेला आनंद घरात कुणाला समजावून सांगता आला नाही. पण बाजारपेठेतल्या कुठल्याही दिवाणजीला ती कल्पना लगेच कळली असती. आधी रोजकीर्दीला लिहायचं, मग खतावणीला चढवायचं. मधे काही झालं तर रोजकीर्द पाहून खतावणी सुधारायची. जर्नल म्हणजे तेच. गुळाच्या अडतीत पिढ्यानपिढ्या चालत आलेली शिस्त.

लिनक्स जिच्या वळणावर घडली त्या युनिक्सचा मी चाहता आहे तोही याच कारणासाठी. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती सुरू केली आणि तिच्या घरात एक वळण पडलं, ते म्हणजे शक्य तिथं साधा मजकूर. सेटिंग मजकुरात, लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, तीही मजकुरात. ग्रेप लावला की शोधता येतं, डिफ लावला की काल आणि आज यांत काय बदललं ते दिसतं. त्या नऊ नोंदी साध्या अक्षरांत नसत्या तर मला त्या दिसल्या नसत्या आणि अण्णा जन्मभर चोर राहिले असते. म्हणून जो प्रोग्रॅम आपला हिशेब स्वतःच्याच गुप्त साच्यात कोंडून ठेवतो, त्याच्याशी माझं पटत नाही, मग तो कितीही देखणा असो.

आता माझी सगळी कामं डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, आहेत. डेटाबेस एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली पहिल्यांदा बाहेर आणला. नोंद पूर्ण होईल नाहीतर अजिबात होणार नाही, अर्धवट राहणार नाही, ही त्याची हमी आहे, आणि २०५० पर्यंत सांभाळण्याचा त्यांचा जाहीर इरादा आहे. दूध संस्थेला असंच टिकाऊ काहीतरी लागतं. प्रोग्रॅमचा प्रत्येक बदल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या अवजारात जातो, म्हणजे अमुक तारखेला दराचा तक्ता कुणी आणि का बदलला हे दहा वर्षांनीही काढता येतं. एडिटर विम. त्याचे कर्ते ब्राम मोलेनार २०२३ मध्ये गेले. विम फुकट वापरा, जमलं तर युगांडातल्या मुलांना मदत करा, एवढंच ते वापरणाऱ्याला सांगायचे. बाकी अवजारांबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

आता जे सांगायचं ते ब्रिटनमधलं. पण वाचताना मला पावलोपावली आपलं गाव आठवत होतं. तिथल्या पोस्ट ऑफिसनं १९९९ पासून आपल्या शाखांत होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली. ती फुजित्सूची होती. शाखा चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. करार असा की तूट शाखेनं भरायची. लोकांनी घरं गहाण टाकून भरली. ज्यांना जमलं नाही त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. नऊशेहून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. सीमा मिश्रा नावाच्या बाईंना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावं लागलं. काही जणांनी जीव दिला. तूट खरी नव्हतीच, दोष प्रणालीत होते. एका दोषात पडदा अडकायचा, माणूस पुन्हा पुन्हा एंटर दाबायचा आणि तीच रक्कम दर वेळी नव्यानं मोजली जायची. शाखेचे हिशेब बाहेरून, शाखेला न कळता बदलता येत होते. तसं करताच येत नाही, असं पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं सांगत राहिलं.

ॲलन बेट्स नावाचा एक सबपोस्टमास्तर हटला नाही. साडेपाचशे जणांना सोबत घेऊन तो कोर्टात गेला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमधले दोष निकालात नोंदवले. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द कराव्या लागल्या.

मला यात सर्वात जास्त टोचली ती कायद्यातली एक गोष्ट. इंग्लंडमध्ये पूर्वी, संगणक नीट चालत होता हे दाखवल्याशिवाय त्याचा पुरावा फौजदारी खटल्यात चालत नसे. १९९९ च्या कायद्यानं ती अट काढली गेली आणि उलट गृहीतक उरलं. संगणक बरोबरच असतो, चुकला म्हणायचं असेल तर आरोपीनं दाखवावं. पण आरोपीकडं सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, नाही, लॉग नाहीत, दोषांची यादी नाही. दाखवायचं कशानं? आमच्या चेअरमननी जे वाक्य संस्थेच्या ओट्यावर म्हटलं होतं, तेच तिथं कायदा होऊन बसलं होतं.

आपल्याकडं अट आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्यात कलम ६५-ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३. संगणकाच्या नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खोतकर प्रकरणात २०२० मध्ये हे पुन्हा पक्कं झालं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नमुन्यात फाइलचा हॅशही, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, लिहावा लागतो आणि तज्ज्ञाचा वेगळा भाग असतो. हे चांगलंच आहे. पण वकील मित्रांना मी पुन्हा पुन्हा सांगतो, हॅशनं एवढंच कळतं की कॉपी केल्यानंतर फाइल बदलली नाही. त्याआधी त्यात जे लिहिलं गेलं ते खरं होतं का, हे त्यातून कळत नाही. त्या जुलैमध्ये माझ्या डीबीएफ फाइलचा हॅश काढला असता तर तो अगदी बरोबर आला असता आणि अण्णा तरीही निर्दोषच होते. ज्याच्यावर आकड्याच्या जोरावर आरोप होतो त्याला लॉग मिळाले पाहिजेत, माहीत असलेल्या दोषांची यादी मिळाली पाहिजे आणि त्याच्या तज्ज्ञाला कोड पाहता आला पाहिजे. धंद्याचं गुपित वगैरे मला मान्य नाही. एका बाजूला कुणाचं तरी गुपित आणि दुसऱ्या बाजूला माणसाची अब्रू असेल तर माझ्या लेखी प्रश्नच उरत नाही.

कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीवरून जाताना हल्ली मी थांबतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. चाळीसेक वर्षं वकील आणि पक्षकार यासाठी झगडले. अण्णांचं प्रकरण वरपर्यंत गेलं असतं तर त्यांना रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला हेलपाटे मारावे लागले असते. ते कधीच परवडलं नसतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही कोर्टापर्यंत पोचत नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं मला सांगितलं, लिटरचा आकडा एका दशांशावर तोडा, पुढचं सोडून द्या. म्हणजे ८.३९ आलं तर ८.३. वर चढवायचं नाही, फक्त खाली. दिसायला क्षुल्लक. पण दर खेपेला सरासरी पन्नास मिलीच्या आसपास जातं. तीनशे सभासद, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज तीस लिटर. लिटरला पन्नास रुपये धरले तर दिवसाला दीड हजार, वर्षाला साडेपाच लाखांच्या जवळ. आणि कुणाच्याही पावतीवर चोरी दिसणार नाही. मी नाही म्हणालो आणि ते काम गेलं. दुसऱ्या कुणी करून दिलं की नाही, मला कळायचा मार्ग नाही.

उसाच्या काट्यावरून आपल्याकडं इतकी आंदोलनं झाली. वजनकाट्याला वैधमापनचं सील लागतं, ठरावीक मुदतीनं तपासणी होते. पण काट्यावरचा आकडा आणि शेतकऱ्याच्या खात्यातले रुपये यांच्यामध्ये जो प्रोग्रॅम बसलेला असतो, त्याला कसलंच सील नाही. तो गुणाकार कसा करतो, पैसे कुठं तोडतो, हे कुणी तपासत नाही. ते तपासलं जावं, असं मी जिथं बोलायला मिळेल तिथं बोलतो. मी स्वतः रक्कम पूर्ण पैशांत, पूर्णांकात ठेवतो, कारण दशांशातला ०.१ संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका मांडताच येत नाही. तोडण्याचा नियम पावतीच्या मागं छापतो आणि कोडची प्रत संस्थेला देतो. कोणी वाचत नाही. तरी देतो.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून संस्थांचे धडधाकट संगणक भंगारात निघण्याची वेळ आली आहे. त्यातले जमतील तितके डेबियनवर नेतोय. सहा झाले. सातवा पन्हाळ्याच्या त्याच संस्थेतला आहे. आता तिथं अण्णांची सून सचिव आहे. परवा फोनवर तिनं विचारलं, "काका, आता सगळ्यांना मोबाइलवर मेसेज जातोय, तर प्रिंटर काढून टाकू का?"

मी म्हटलं, नको. रविवारी येताना नवी रिबन घेऊन येतो.