तुम्ही विचारलंत म्हणून: मूड गेला की मी काय करते

"तुझा मूड कधी जातच नाही का गं?" हा प्रश्न मला इतक्या वेळा इतक्या जणांनी विचारलाय की आता मला माझ्याच चेहऱ्याचा संशय यायला लागलाय. परवा ऑफिसच्या लिफ्टमधे परत तेच. माझ्या टीममधली एक मुलगी, डोळे सुजलेले, रात्री रडून आलीये हे लांबूनही कळत होतं, ती म्हणाली की वाईट दिवस असला की तू नक्की काय करतेस ते सांग ना, खरंच सांग. मी म्हणाले "झोपते." लिफ्टचं दार उघडलं आणि ती हसून निघून गेली. हे साफ खोटं होतं, मला त्या दिवशी झोपच लागत नाही. म्हणून आता नीट लिहितेय.

तर आधी हे की माझा मूड जातो. चांगला सणसणीत जातो. मागच्या वर्षी एक दिवस असा होता की पहाटे चारला जाग आली ती आलीच, आदल्या दिवशी एक काम हातातनं गेलेलं, त्यात एका जवळच्या मैत्रिणीचा तुटक मेसेज, आणि मी आवरायला म्हणून बेडच्या कडेला बसले ती एका पायात मोजा आणि दुसरा मोजा हातात अशी चाळीस मिनिटं तशीच बसून राहिले. एका हातात मोजा, दुसऱ्या हातात फोन. अंगठा वर-खाली चाललाय, डोळ्यांना काही दिसत नाहीये. बरं त्यातनं मी कशी उठले ते ऐकून तुमची निराशा होईल, कारण कुठला प्रेरणादायी विचारबिचार आला नाही, फोनची बॅटरी संपली. स्क्रीन काळी झाली, त्यात माझंच तोंड दिसलं, आणि मी दुसरा मोजा घातला. मग मोजे घातलेच आहेत तर बूट घातले. बूट घातलेच आहेत तर खाली जाऊन कोपऱ्यापर्यंत चालून आले. आनंद वगैरे काही झाला नाही हां, पण वर आल्यावर एका ईमेलला उत्तर देता आलं, जे तासाभरापूर्वी अशक्य वाटत होतं.

मला त्या मोज्याने जे शिकवलं त्याला मानसशास्त्रात रीतसर नाव आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे मूडची वाट न बघता आधी काहीतरी करायला लागणं. १९७० च्या दशकात पीटर लेविन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे मांडलं की माणूस उदास झाला की गोष्टी करणं बंद करतो, त्यामुळे त्या गोष्टींतनं जे थोडंफार बरं वाटायचं तेही बंद होतं, मग तो अजून उदास होतो आणि अजून आक्रसतो. पुढे १९९६ साली नील जेकबसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डिप्रेशनच्या दीडशेच्या आसपास रुग्णांना तीन गटांत वाटलं, कुणाला पूर्ण थेरपी, कुणाला त्यातला एखादाच भाग, आणि निघालं असं की ज्यांना फक्त 'उठा आणि ठरलेलं काहीतरी करा' एवढाच भाग दिला होता तेही पूर्ण थेरपीवाल्यांच्या बरोबरीने सुधारले. म्हणजे आपण जे म्हणतो ना, मूड आला की करीन, ते उलटं आहे. मूड मागनं येतो, कधीकधी येतच नाही, पण काम तरी झालेलं असतं.

पण एवढ्यावर भागत नाही. कारण काय करायचं हे कळायला आधी झालंय काय हे कळावं लागतं, आणि मी वर्षानुवर्षं सगळ्याला एकच लेबल लावत होते, "मूड नाहीये." फार झालं तर "कंटाळा आलाय." कंटाळा हा तर आपल्याकडचा सगळ्यात लबाड शब्द आहे, त्याच्या पदराआड काय वाट्टेल ते लपतं. आता मी वाईट दिवशी पहिलं काम हे करते की नेमका शब्द शोधते, आणि मराठीत त्याची ददात नाहीये. मी हिरमुसलेय का? म्हणजे मी काहीतरी धरून चालले होते आणि ते झालं नाही, कुणीतरी विचारेल, कौतुक करेल, येईल, असं मनातल्या मनात वाटत होतं आणि ते मी कुणाला सांगितलंही नव्हतं. की वैतागलेय? वैताग वेगळा, त्यात दुःख नसतंच, एकाच वेळी पाच जण पाच बाजूंनी ओढत असतात आणि आपल्याला फक्त दार लावून बसायचं असतं. घालमेल होतेय? मग एखादा निर्णय लोंबकळतोय आणि मी तो टाळतेय, हे शंभरातल्या नव्वद वेळा खरं निघतं. हुरहुर लागलीये? मग कुणाची तरी आठवण येतेय, बस. खजील झालेय? हा सगळ्यात अवघड, कारण हा शब्द स्वतःशीही उच्चारायला जिवावर येतं, त्यापेक्षा "डोकं दुखतंय" म्हणणं सोपं.

आणि गंमत अशी की शब्द सापडला की उपाय बहुतेक वेळा त्याच्या शेपटाला बांधलेलाच असतो. वैतागाला एकांत लागतो, हुरहुरीला एकांत दिला तर ती वाढते, तिला फोन करावा लागतो. घालमेलीला कितीही चाला, झोपा, अंघोळ करा, तो निर्णय घेईपर्यंत ती जात नाही. मी पूर्वी सगळ्यावर एकच उपाय करायचे, पांघरूण घेऊन पडणे, आणि मग आश्चर्य करायचे की कधी बरं वाटतं आणि कधी अजून बिघडतं. नुसतं नाव देण्यानेही फरक पडतो बरं का. २००७ मधे मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं, आणि चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतला अमिग्डला, म्हणजे जो धोक्याची घंटा वाजवतो तो भाग, तो शांत व्हायचा. मला स्कॅनिंगमधलं फार कळत नाही, पण "मी खजील झालेय" असं एकदा बाथरूममधे मोठ्याने म्हणाले होते तेव्हा खांदे दोन इंच खाली आले होते हे मला माहितीये.

पॉझिटिव्ह विचार कर असं सांगणाऱ्यांपुढे मी हल्ली फक्त मान डोलावते. डॅनियल वेग्नरचा १९८७ चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग माहितीये ना, लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. मनातनं काही हाकलायला गेलं की ते दारातच ठाण मांडतं. त्यामुळे मी हाकलत नाही. बस बाबा, म्हणते, फक्त गाडी तू चालवायची नाहीस.

दुसरी एक चूक मी खूप वर्षं केली ती म्हणजे सगळ्यांना सांगत सुटणे. मन मोकळं करावं म्हणतात ना, ते मी अक्षरशः घेतलं होतं. कुणी काही बोललं की मी चार जणांना फोन करायचे आणि चौघांना तीच गोष्ट सांगायचे, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की चौथ्या फोनपर्यंत त्या बिचाऱ्या माणसाला शिंगं फुटलेली असतात, आणि त्याने न बोललेली दोन वाक्यंही मी त्याच्या तोंडी घातलेली असतात, आणि माझा राग पहिल्या फोनपेक्षा जास्त असतो. नंतर वाचलं की ब्रॅड बुशमनने २००२ मधे हेच दाखवलं होतं, चिडलेल्या लोकांना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत, तर ते शांत व्हायच्या ऐवजी जास्त भडकले, आणि जे दोन मिनिटं काहीच न करता बसले होते तेच त्यातल्या त्यात निवळले. आता मी एकाच माणसाला सांगते. आणि सांगायच्या आधी म्हणते की अगं उपाय नको सांगूस, नुसतं ऐक. हे न सांगता फोन केला की समोरचा तिसऱ्या वाक्याला उपाय काढतो, मग मला त्याचाही राग येतो, आणि तो बिचारा मदत करत असतो.

रात्रीचा एक नियम आहे आणि तो मी नुकसान करून घेऊन शिकलेय. अशाच एका दिवशी रात्री पावणेबाराला मी एक मेल पाठवला होता. मुद्देसूद, नंबर घालून, सात मुद्दे. लिहिताना इतकं हलकं वाटत होतं की विचारू नका. सकाळी सहाला उघडून वाचला तर पहिल्या ओळीलाच कान गरम झाले, सातातले दोन मुद्दे बरोबर होते आणि पाच मुद्दे म्हणजे फक्त झोप न झालेली मी होते. ते निस्तरायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून अंधार पडल्यावर स्वतःच्या आयुष्यावर निकाल द्यायचा नाही, नोकरी सोडायची नाही, नातं तोडायचं नाही, मेल लिहायचा असेल तर खुशाल लिहायचा पण 'कोणाला' ही जागा रिकामी ठेवून. याच्यामागेही शरीराचंच कारण आहे, २००७ च्याच एका अभ्यासात साधारण ३५ तास जागं ठेवलेल्या लोकांना त्रासदायक चित्रं दाखवली तर त्यांच्या त्याच अमिग्डलाची प्रतिक्रिया नीट झोप झालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त होती. मी काही ३५ तास जागी नसते, पण पहाटे चारला उठलेली बाई रात्री बाराला कुणाची न्यायाधीश व्हायच्या लायकीची नसते.

हे सगळं वाईट दिवसाबद्दल चाललंय हां. दिवसाचे आठवडे झाले, म्हणजे सलग दोन आठवडे जवळजवळ रोज तेच, कशातच जीव लागत नाही, झोप आणि भूक दोन्ही बिघडलेली, तर मोजे आणि शब्द बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. मी स्वतः गेलेय, काही महिने जात होते, आणि उशिरा गेले याचंच वाईट वाटतं. आणि जगूच नये असं वाटायला लागलं तर दोन आठवड्यांची वाट बघायची नाही, त्याच दिवशी, त्याच तासाला जवळच्या कुणाला तरी सांगायचं आणि एकटं राहायचं नाही.

तर ती लिफ्टवाली मुलगी. चार दिवसांनी परत भेटली, चेहरा तसाच. मी म्हणाले की परवा तुला थाप मारली, मी झोपतबिपत नाही, मी शब्द शोधते, तुझा कुठला आहे सांग. ती म्हणाली "मूड नाहीये." मी म्हणाले "हा चालणार नाही, दुसरा." ती विचार करत राहिली, तिचा मजला आला, दार उघडलं, बंद झालं, आम्ही वर गेलो, वर कुणीच चढलं नाही, परत खाली यायला लागलो.

"हिरमुसलेय," ती म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "माझा वाढदिवस होता गं त्या दिवशी."