छप्पर गळते कुठे आणि सुटते कुठे

समुद्राजवळच्या घरात राहणाऱ्याला छपराची दुरुस्ती टाळता येत नाही. आमच्या घराचा पुढचा भाग पत्र्याचा आणि मागचा स्लॅबचा आहे. पत्र्याची पहिली मोठी दुरुस्ती आम्ही गळती थांबवण्यासाठी केली. आलेल्या कारागिराने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि प्रत्येक सांध्यावर काळे डांबर फासले. तो पावसाळा कोरडा गेला आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढच्या उन्हाळ्यात डांबराला भेगा पडल्या, त्या भेगांतून शिरलेले पाणी डांबराखालीच साचून राहिले आणि पत्रा आतल्या आत गंजत गेला. तिसऱ्या वर्षीच्या वादळाने कडेचे चार पत्रे उचलून नेले. ते गळणारे पत्रे नव्हते. त्यांच्याकडे आमच्यापैकी कोणी कधी पाहिलेच नव्हते. त्यांतला एक पत्रा उचलून आणला, तेव्हा स्क्रूच्या भोकांभोवती चांदणीसारख्या चिरा पसरलेल्या दिसल्या. आम्ही सगळा खर्च पाणी अडवण्यावर केला होता आणि छप्पर कशाने धरलेले आहे हे तपासलेच नव्हते, हे मला त्या दिवशी नीट कळले. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की वादळी किनाऱ्यावर छपराची दुरुस्ती त्याच्या पकडीपासून सुरू व्हायला हवी. गळतीचा विचार त्यानंतर.

याचे कारण वाऱ्याच्या वागण्यात आहे. वादळ छपराला वरून दाबून मोडते, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात कमी उताराच्या छपरावरून वेगाने जाणारा वारा त्याच्या वरच्या बाजूस हवेचा दाब कमी करतो आणि छप्पर वर ओढले जाते. ही ओढ सर्वत्र सारखी नसते. कडा, कोपरे आणि आढ्यालगतची पट्टी येथे ती मधल्या भागाच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असू शकते. वळचणीला तर दुहेरी मार बसतो, कारण भिंतीवर आदळलेला वारा खालून वर ढकलतो आणि वरचा वारा वर ओढतो. त्यातच वाऱ्याच्या दिशेची एखादी खिडकी किंवा दार फुटले, तर आत शिरलेली हवा छपराला आतून फुग्यासारखी रेटते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हेही लक्षात ठेवावे लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो वजनाइतका असतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट, म्हणजे सुमारे १९० किलो होतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला जेमतेम पाच किलोच्या आसपास असते. म्हणजे पत्रा आपल्या वजनाने जागेवर राहत नाही, त्याला स्क्रूंनीच धरून ठेवलेले असते.

ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराने ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकवली. १९७४ च्या नाताळच्या पहाटे ट्रेसी नावाचे चक्रीवादळ त्या शहरावरून गेले आणि तेथील बहुतांश घरे उद्ध्वस्त झाली. नंतरच्या तपासणीत असे आढळले की पुष्कळ ठिकाणी पत्रा एका झटक्यात फाटलेला नव्हता. तासन्‌तास चाललेल्या झोतांनी तो स्क्रू-खिळ्यांभोवती हजारो वेळा वरखाली हलला, तार वाकवून वाकवून तुटावी तशा भोकाभोवती चिरा पडल्या आणि शेवटी स्क्रू लाकडातच राहून पत्रा त्याच्या डोक्यावरून निसटून गेला. माझ्या हातातल्या पत्र्यावरच्या चांदण्या त्याच प्रकारच्या होत्या. म्हणून वादळ येऊन गेल्यावर छप्पर जागेवर दिसले तरी ते पूर्वीइतके बळकट राहिले असेल असे मी धरत नाही. कडेच्या ओळीतले काही स्क्रू काढून वॉशरखालचा पत्रा पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

वादळ वर्षातून एखादे येते, पण ऊन रोज असते, आणि वादळाच्या आधी स्क्रू सैल करून ठेवण्याचे काम ऊनच करते. भर दुपारी गडद रंगाचा पत्रा ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि अचानक सर आली की काही मिनिटांत थंड पडतो. सहा मीटर लांबीचा पोलादी पत्रा ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ तीन मिलिमीटर लांब-आखूड होतो. ॲल्युमिनियमचा असेल तर साडेपाच मिलिमीटर. ही हालचाल रोज होते आणि ती सगळी स्क्रूच्या भोकात जिरते. भोक लांबट होत जाते, वॉशरचे रबर उन्हाने कडक होऊन तडकते आणि पाण्याला वाट मिळते. अशा स्क्रूवर डांबर किंवा सिलिकॉन फासण्यात काहीच अर्थ नसतो. जुना स्क्रू काढावा, त्याच भोकात घट्ट बसेल असा एक माप जाड स्क्रू घालावा किंवा जवळच नवे भोक पाडून जुने व्यवस्थित बुजवावे, आणि वॉशर ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे वापरावे, कारण ते उन्हात साध्या रबरापेक्षा पुष्कळ अधिक टिकते. स्क्रू आवळतानाही हात राखावा लागतो. वॉशर किंचित दबून कडेला जेमतेम दिसू लागले की थांबायचे. ते चिरडून बाहेर आले तर त्याचे आयुष्य तेथेच संपते. कडेच्या आणि कोपऱ्यांच्या पट्ट्यांत स्क्रूंची संख्या वाढवावी आणि त्यांच्याखाली ओढ पसरवणारी मोठी, पत्र्याच्या घडणीला जुळणारी वॉशरे घालावीत. दुरुस्तीच्या खर्चाच्या मानाने हा भाग अगदी किरकोळ असतो, आणि तोच सर्वांत आधी वगळला जातो याचे मला नेहमी वाईट वाटते.

तरीही नुसते पत्र्याचे स्क्रू वाढवून काम पूर्ण होत नाही. पत्रा रिपांना, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्यांना धरलेला असतो, रिपा वाशांना, वासे भिंतीवरच्या तुळईला आणि तुळई भिंतीला. वाऱ्याची ओढ या साखळीतून खाली जमिनीपर्यंत पोहोचली पाहिजे. जुन्या रिपांवर नवा पत्रा भक्कम बसवला आणि रिपा मात्र वाशांना जुन्या खिळ्यांनीच ठोकलेल्या राहिल्या, तर पुढच्या वादळात पत्रे रिपांसकट उडतात, आणि असा पत्रा सुट्या पत्र्यापेक्षा अधिक घातक असतो. खिळा केवळ घर्षणावर धरतो. ओलाव्याने फुगून उन्हाने आकसणारे लाकूड तो हळूहळू सोडून देते. म्हणून पत्रे उतरवलेच असतील, तर रीप आणि वासा यांच्या प्रत्येक भेटीला स्क्रू किंवा धातूची पट्टी देण्याची ती एकमेव सोपी संधी असते. १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने अमेरिकेतील दक्षिण फ्लोरिडातली घरे उघडी पाडली, तेव्हा छपराच्या फळ्यांना मारलेल्या कित्येक पिना खालच्या लाकडात न शिरता शेजारून गेलेल्या सापडल्या होत्या. वरून पाहणाऱ्याला ते काम निर्दोषच दिसले असणार. कारागिराला रीप कुठे आहे हे सुतळी धरून रेषा मारून दाखवायला सांगावे आणि काम संपल्यावर माळ्यावर चढून हवेत राहिलेली स्क्रूची टोके मोजावीत.

आता गळतीकडे वळतो. जेथे थेंब पडतो तेथे पाणी शिरलेले असेलच असे नाही; ते वर कुठेतरी शिरून वाशाच्या कडेने वाहत येते आणि पहिल्या अडथळ्यापाशी टपकते. शोधण्याची खात्रीची पद्धत अशी की एकाने आत थांबावे आणि दुसऱ्याने नळीने खालच्या कडेपासून सुरुवात करून थोडाथोडा भाग भिजवत वर सरकावे. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. वादळी पाऊस उताराच्या उलट दिशेने, खालून वर रेटला जातो, म्हणून पत्र्यांचा एकावर एक चढाव साध्या पावसाला पुरेल त्यापेक्षा अधिक ठेवावा आणि बाजूच्या सांध्याचे तोंड वादळाच्या नेहमीच्या दिशेकडे येऊ देऊ नये. सांध्यात भरायची लुकणाची पट्टी दोन पत्र्यांच्या मध्ये, आतल्या अंगाला बसवावी. बाहेरून दिसणारी खालची कड बंद करणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण त्यामुळे आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाटच बुजते. आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचे सिलिकॉन जस्ताच्या मुलाम्याला खाते, म्हणून पत्र्यासाठी न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणाऱ्या प्रकारचेच घ्यावे.

खाऱ्या हवेचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो. पावसाने धुतला जाणारा पत्र्याचा वरचा भाग बरा राहतो. वळचणीखालची, पन्हळीच्या मागची, पाऊस न पोहोचणारी बाजू लवकर गंजते, कारण तेथे बसलेले मीठ धुऊन जात नाही आणि दमट हवेत ते सतत ओल धरून ठेवते. कोरड्या हंगामात त्या भागांवर दोन-तीन वेळा गोड्या पाण्याची नळी मारणे हा अगदी स्वस्त उपाय आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला साधे लोखंडी स्क्रू लावू नयेत; दोन भिन्न धातू खारट ओलाव्यात एकत्र आले की त्यांतला एक झिजतो. समुद्रालगत स्टेनलेस स्टील वापरायचे तर ३१६ प्रतीचे वापरावे. त्यातील मॉलिब्डेनम या धातूमुळे ते मिठाला नेहमीच्या ३०४ प्रतीपेक्षा चांगले तोंड देते.

कौलांबद्दल थोडक्यात सांगतो. कौल जड असते म्हणून ते उडणार नाही, हा भरवसा कडेच्या ओळींपुरता तरी सोडून द्यावा. तेथील कौले गंज न धरणाऱ्या तारेने किंवा स्क्रूने रिपेला बांधावीत. कोने, म्हणजे आढ्यावरचा सांधा झाकणारी कौले, केवळ सिमेंटच्या मालावर बसवलेली असतात. उन्हाने तो माल तडकतो आणि कोना दिसायला जागेवर, पण प्रत्यक्षात सुटा राहतो. हाताने हलवून पाहिले की लगेच कळते.

स्लॅब उडत नाही, म्हणून लोक त्याबाबत निर्धास्त असतात, पण किनाऱ्यावर सर्वांत महागडी दुरुस्ती त्याचीच होते. हवेतील मीठ ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये झिरपते आणि सळ्यांपर्यंत पोहोचले की त्या गंजू लागतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, त्या रेट्याने खालचे काँक्रीट फुटते आणि छताचे पोपडे पडतात. हातोडीने हलके ठोकत गेल्यास सुटलेल्या भागाचा बद्द आवाज येतो आणि दिसणाऱ्या भेगेपेक्षा तो भाग पुष्कळ मोठा निघतो. अशा जागी नुसता गिलावा मारणे म्हणजे गंज झाकून ठेवणे होय. सुटलेले काँक्रीट सळईच्या मागे बोटभर जागा होईपर्यंत फोडावे लागते, सळई चकचकीत होईपर्यंत घासावी लागते, ती फार झिजली असेल तर जोडीला नवी बांधावी लागते, आणि मग पॉलिमर मिसळलेला माल थर देत भरावा लागतो. त्यातही एक अडचण आहे, जी मला उशिरा समजली. दुरुस्त केलेल्या तुकड्याच्या कडेला जुने, मीठ मुरलेले काँक्रीट तसेच राहिले, तर तेथली सळई पूर्वीपेक्षा वेगाने गंजते. म्हणूनच ठिगळाच्या शेजारी दोन-तीन वर्षांत नवे पोपडे सुटतात. तोडफोडीचा खर्च वाढला तरी कडेचे संशयास्पद काँक्रीट काढून टाकण्याचा आग्रह धरावा. स्लॅबच्या सळ्यांना हात घालण्याआधी संरचना अभियंत्याला दाखवून, खालून टेकू देऊनच काम करावे.

वरच्या बाजूने पाणी अडवताना उतार हीच मुख्य गोष्ट आहे. शंभर सेंटिमीटरला किमान एक सेंटिमीटर उतार पाणी उतरण्याच्या तोंडाकडे असावा, गच्ची आणि कठडा यांच्या कोनात गोलसर वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलाकार भराव घ्यावा, आणि वॉटरप्रूफिंगचा थर त्या वाट्यावरून कठड्यावर वीतभर चढवावा, कारण बहुतेक गळती त्या कोनातून आणि पाइपच्या तोंडापाशीच सुरू होते. जुना कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, न काढता त्यावर नवा घालत जाणे धोक्याचे आहे. दहा सेंटिमीटरचा विटांचा कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार टाकतो, आणि तो भार आधीच गंजलेल्या सळ्यांवर पडतो. ओल्या स्लॅबवर घाईने मारलेला थर पहिल्याच कडक उन्हात फुगतो, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते. स्लॅब वाळू द्यावा, थर मारावा, तो पूर्ण सुकल्यावर पाणी उतरण्याचे तोंड बंद करून गच्चीवर पाणी साठवावे आणि २४ ते ४८ तास खालून छत पाहत राहावे. वरचा थर पांढरा असेल तर स्लॅब कमी तापतो, कमी हलतो आणि भेगाही कमी पडतात.

हे सर्व वादळी हंगामाच्या निदान दोन महिने आधी सुरू करावे. त्यानंतर चांगला कारागीर मिळत नाही आणि कोरडा दिवसही मिळत नाही. काम पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी थांबवावे. दुपारच्या पत्र्यावर माणूस भोवळ येऊन पडू शकतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देऊ नये, तो कोणतीही सूचना न देता फुटतो, आणि त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे तंतू, असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा कापूही नये. वाऱ्याच्या दिवशी कोणालाही वर चढवू नये, मग घरात पाणी कितीही येत असो.

छप्पर उघडे पडलेच, तर वादळ पूर्ण ओसरल्यावर ताडपत्री आढ्यावरून पलीकडे उतरवावी, तिची कड लाकडी पट्टीभोवती दोन वेळा गुंडाळावी आणि ती पट्टी स्क्रूने खालच्या वाशात धरावी. ताडपत्रीवर दगड किंवा विटा ठेवू नयेत. पुढच्या झोतात ताडपत्री फडफडली की त्या खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर येतात.