दक्षिणेचा उन्हाळा सौम्य का?

"दक्षिण गोलार्धात ऋतू फक्त सहा महिने पुढेमागे असतात, बाकी सगळं सारखंच ना?" भूगोल शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण हा विषय मला फार आवडतो.

ऋतू उलटे असतात, हे खरंच. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंश कललेला आहे. जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, डिसेंबरात दक्षिण. मेलबर्नमध्ये भर दुपारी सूर्य उत्तरेला दिसतो. तिथे अंगणात काठी रोवली तर तिची सावली पश्चिमेकडून दक्षिणेमार्गे पूर्वेला जाते, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध.

पण खरी मौज पुढे आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब असते, १५.२ कोटींवर. त्यामुळे जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा जवळजवळ ७ टक्के जास्त ऊन मिळतं, आणि नेमका तेव्हाच दक्षिणेत उन्हाळा असतो. मग तो जास्त कडक हवा की नको?

तसं होत नाही, कारण समुद्र. दक्षिण गोलार्धाचा सुमारे ८१ टक्के भाग पाण्याने व्यापलाय, उत्तरेचा ६१ टक्के. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. मॉस्को उत्तरेला ५६ अंशांवर, अर्जेंटिनाचं उशुआइया दक्षिणेला ५५ अंशांवर. मॉस्कोत जुलैची सरासरी १९ अंश सेल्सिअसच्या आसपास, जानेवारीची शून्याखाली सहा-सात. उशुआइयात उन्हाळ्यात जेमतेम १० आणि ऐन हिवाळ्यातही शून्याच्या थोडं वरच! उत्तरेत जमीन जास्त, ती झटकन तापते, म्हणून अख्ख्या पृथ्वीचं सरासरी तापमान जुलैत सर्वाधिक असतं, सूर्य सगळ्यात लांब असताना. मला यातलं हे सगळ्यात विलक्षण वाटतं.

अंटार्क्टिकाला मात्र समुद्राचा हा नियम लावू नका. भोवती पाणी असलं तरी आत बर्फाचं उंच पठार आहे. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या वोस्तोक तळावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं. जगातल्या कुठल्याही हवामान केंद्रावर याहून कमी तापमानाची नोंद नाही.